छाट

दुसरीच्या वर्गाला दोन खिडक्या.
एकीतून हायवे दिसतो, पुण्याहून बेंगळूरला पळणारा,
दुसरीतून तंबाखूचं गोडाऊन.
वारा गोडाऊनकडून आला
की निपाणीत आमची अख्खी बाराखडी शिंकते.

रूपाली लगमण्णा घस्ते
पहिल्याच दिवशी म्हणाली,
"बाई, मला पंचवीस येतंय."
म्हण बघू, म्हटलं.
तिनं मोजलं काहीच नाही.
दोन्ही तळव्यांत हवेची एक जुडी धरली,
अंगठ्यानं टोकं सारखी केली,
बाकावर ठेवली.
"हे पंचवीस."
आणि पुढं काय येतं?
"दुसरं पंचवीस."

सव्वीस तिच्या गावातच नव्हतं.
सव्वीसावी विडी आई सुपाच्या कडेला ठेवते,
तिचा हिशेब तिथनं परत एकपासून.
तीन आठवडे लागले मला
एका जास्तीच्या विडीला नाव द्यायला.

कन्नडचा तास दुपारी असतो.
तहसीन मुजावरचं मत असं, की
मराठी अक्षरं दोरीवर वाळत घातलीत
आणि कन्नड अक्षरं खाली अंगणात गोट्या खेळतात.
पाटील सर हसले, मग त्याच्याकडनं
दोन्हीकडचा 'म' दहादा लिहून घेतला.
रूपाली मराठी शब्दाची रेघ शेवटी मारते,
दोरा ओढावा तशी, डावीकडून उजवीकडं,
वर हलकी गाठ.
का गं?
"नायतर सुटतंय की, बाई."

डिसेंबरात वजाबाकी काढली.
फळ्यावर दहा आंबे,
थंडीच्या दिवसांत आंबे,
पण आंबा मला बरा काढता येतो.
तीन गेले. किती राहिले?
सगळा वर्ग सात म्हणाला.
रूपाली उभीच.
"कुठं गेले?"
खाल्ले.
"कुणी?"

वर्ग हसला. ती नाही हसली.
"कारखान्यात मुकादम सूप हलवतोय, बाई.
ही सैल, ही बारीक, हिचं पान फाटलंय.
छाट म्हणतोय आणि बाजूला टाकतोय.
त्याचे पैसे आईला देत नाही.
विड्यापण देत नाही.
मग ते वजा कसं?
ते तर तिथंच राहिलं."

डीएडला आम्हाला शिकवलं होतं
वजाबाकी म्हणजे काढून घेणे,
मणी घ्या, काड्या घ्या, मुलांच्या हातात द्या.
काढून घेणाऱ्याचं नाव
कुठल्याच पाठाच्या टाचणात लिहिलेलं नव्हतं.
मी फळा पुसला.
आंब्यांचा पिवळा खडू बोटांना लागून राहिला.
घंटा व्हायला अजून बारा मिनिटं होती,
मी खिडकीशी जाऊन उगाच
हायवेवरचे ट्रक मोजले.

दुसऱ्या दिवशी वही तपासली.
दहा वजा तीन, सात. बरोबर.
नऊ वजा चार, पाच. बरोबर.
पण प्रत्येक गणिताच्या उजवीकडं, समासाबाहेर,
उभ्या रेघा, चिकटून चिकटून,
कुठं तीन, कुठं चार,
आणि त्यांच्या पोटावरून एक आडवा दोरा.
हे काय?
"काढून घेतलेले. असू देत तिथं."

बरोबरची खूण केली मी.
समासाला हात लावला नाही.

आता जानेवारी लागला. शेतातला तंबाखू निघतो,
कोणी धाकट्याला सांभाळायला घरी,
कोणी आईच्या शेजारी बसून पानं कातरायला.
हजेरीच्या वहीत मी लिहिते,
पट एकतीस, हजर बावीस.
आणि कडेला पेन्सिलीनं
नऊ बारीक रेघा, चिकटून चिकटून.

हेडमास्तरांना वाटतं
बाई पेन्सिलीला टोक आहे का बघतात.